जेएलएच क्लास ए अ‍ॅम्प्लिफायर: हमिंग, उष्णता आणि फेरफार (जाणकारांची मदत हवी)

पाटा_वरवंटा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. पाककृती आणि गाड्यांच्या गर्दीत हा धागा किती चालेल माहीत नाही, पण विचारून बघतो.

दोन वर्षांपूर्वी जॉन लिन्स्ली हूड (जेएलएच) यांचा १९६९चा क्लास ए अ‍ॅम्प्लिफायर घरी बांधला. एका चॅनेलला चारच ट्रान्झिस्टर, त्यातले शेवटचे दोन २एन३०५५. पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, तपकीर गल्लीत, तीन शनिवार घालवून सामान जमवलं. २४ व्होल्ट ३ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर, एसीचा डीसी करणारा एक ब्रिज, १०,००० मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर, बस्स. भाराखाली २७-२८ व्होल्ट मिळतात. स्पीकर ८ ओहमचे. माणसाचा गळा यावर जसा ऐकू येतो तसा मी आधीच्या कुठल्याच रेडीमेड डब्यावर ऐकला नव्हता.

आता रडगाणं. गाणं बंद असताना स्पीकरमधून हमिंग येतं, हातभर अंतरावरून स्पष्ट. मल्टिमीटर ८ मिलिव्होल्ट दाखवतो. दुसरं म्हणजे चालू केल्यावर प्रत्येक चॅनेलचा स्थिर प्रवाह (गाणं नसतानाही वाहणारा) १.२ अँपिअर असतो, तो अर्ध्या तासात दीडवर जातो. मे महिना आहे, हीटसिंक ७२ अंशांना पोचतं. थंडीत आई त्याच्याशेजारी विरजणाचं पातेलं ठेवते, ते एक सोडा. आणि तिसरं, बटण दाबलं की स्पीकर ‘धप्प’ करतो.

माझ्या डोक्यात असं आहे: दुहेरी (धन आणि ऋण असा) सप्लाय करायचा, आउटपुटचा कपॅसिटर काढून टाकायचा, २एन३०५५च्या जागी एमजे१५००३ लावायचे, फिल्टरला आणखी दोन १०,०००चे कपॅसिटर जोडायचे आणि १० वॅटचे २० वॅट करायचे. चुकतंय का काही?

---

तिसरी_घंटा

वाचतोय. मला विरजणाच्या भागात जास्त रस आहे.

---

ढ_गोळा

अडाणी प्रश्न. क्लास ए म्हणजे शाळेतली अ तुकडी का? हुशार मुलं तिकडे?

---

जुना_मिस्त्री

ढ_गोळा, प्रश्न अडाणी नाही. बाकीचे अ‍ॅम्प्लिफायर गरज पडेल तसा प्रवाह ओढतात. क्लास ए म्हणजे मीटर चालू ठेवून दारात उभी केलेली रिक्षा. तुम्ही बसा नाहीतर घरात चहा पीत राहा, पेट्रोल जळतच असतं. फायदा इतकाच की निघायची वेळ आली की इंजिन सुरू करायला लागत नाही. एक ट्रान्झिस्टर बंद होऊन दुसरा सुरू होतानाचा जो धक्का लागतो तो इथे नसतो. गंमत म्हणजे हा प्राणी शांत असताना सगळ्यात जास्त तापतो. २७ व्होल्ट गुणिले १.२ अँपिअर, म्हणजे ३२ वॅट एका चॅनेलला, नुसते बसल्या जागी. मोठ्याने वाजवलात तर त्यातले दहाएक वॅट स्पीकरकडे जातात आणि हीटसिंक जरा निवतं.

पाटा_वरवंटा, तुमच्या यादीतलं बहुतेक सगळं आत्ता बाजूला ठेवा. आधी सांगा, ट्रान्सफॉर्मरला हात लावून बघितलात का कधी?

---

पाटा_वरवंटा

बघितला, मिस्त्रीकाका. एकदाच. पापड भाजता येईल.

---

जुना_मिस्त्री

वाटलंच होतं. दोन चॅनेल मिळून तुम्ही २.४ अँपिअर डीसी ओढता. ट्रान्सफॉर्मरवर ३ लिहिलंय, म्हणून तुम्हाला वाटलं भागेल. पण ब्रिजमागे मोठा कपॅसिटर असला की तो सावकाश भरत नाही. प्रत्येक लाटेच्या शेंड्याला हपापल्यासारखा ओढून घेतो आणि बाकी वेळ गप्प असतो. या झटक्यांमुळे वळणांतून जाणारा आरएमएस प्रवाह (तार तापवणारा खरा आकडा) डीसीच्या दीडपटीहून जास्त, पावणेदोनपटीपर्यंत जातो. तुमचा ३ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर चार अँपिअर वाहतोय बिचारा. बाकीचे अ‍ॅम्प्लिफायर बांधणाऱ्यांना हे जाणवत नाही, कारण त्यांचा भार क्षणाचा असतो. क्लास एचा भार म्हणजे चोवीस तासांची ड्यूटी.

आता रिपल, म्हणजे डीसीवर उरलेली लाट, मोजू. ५० हर्ट्झचा वीजपुरवठा, पूर्ण लहर, म्हणजे सेकंदाला १०० वेळा भरणं. २.४ अँपिअर भागिले १०० भागिले ०.०१ फॅरड. आलं २.४ व्होल्ट. तुमच्या सप्लायवर शेंडा ते पाया अडीच व्होल्टची लाट आहे आणि हूडसाहेबांच्या सर्किटमध्ये वरच्या ट्रान्झिस्टरच्या बेसला (त्याला चालवणाऱ्या टोकाला) प्रवाह थेट तिथूनच रोधांतून येतो. हमिंग येणार नाही तर काय होईल?

---

तंबोरा

मिरजेहून लिहितोय. इलेक्ट्रॉनिक्स मला शून्य कळतं, पण एक विचारू? तुमचं हमिंग नक्की कुठल्या पट्टीत आहे? ५० की १००?

---

पाटा_वरवंटा

१००. मोबाइलच्या ट्यूनर अ‍ॅपवर बघितलं.

---

तंबोरा

मग तुमच्या छळाचं कारण मला कळलं. काळी एकमध्ये गाणाऱ्याचा षड्ज साधारण १३८.६ हर्ट्झ. तंबोऱ्याची पहिली तार मंद्र पंचमाला, म्हणजे १०४च्या जवळ. आणि तुमची मशीन पाठीमागे १०० लावून बसलीय. उतरलेला पंचम! बिनसुरा तानपुरा घेऊन मैफल ऐकताय तुम्ही. सेकंदाला चार वेळा डोलत असणार तो आवाज.

---

पाटा_वरवंटा

अरे देवा. विलंबित ख्यालात असं काहीतरी डुलतंय असं दोन वर्षं वाटत होतं. मी रेकॉर्डिंगला शिव्या देत होतो.

---

सावळा_गोंधळ

एवढ्या उचापती कशासाठी? टीपीए३११६चा क्लास डी बोर्ड घ्या, दोन-तीनशे रुपयांत काम होतं, हाताला गारही लागतो. १९६९ साली लोक काळा पांढरा टीव्हीपण बघायचे.

---

बर्मिंगहॅमकर

सावळा_गोंधळ, गार लागणं हा निकष असेल तर माठ उत्तम.

इतिहास थोडा सांगतो, कारण तो या धाग्याला लागू आहे. हा लेख ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात एप्रिल १९६९ला आला. त्याच मासिकात १९४७ला विल्यमसनचा १५ वॅटचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर आला होता आणि इकडचे हौशी लोक वीस वर्षं त्यालाच मापदंड मानत होते. सुरुवातीचे ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायर मोजणीत चांगले दिसायचे आणि कानाला खुपायचे. हूड यांनी हिशोब केला की घरातल्या खोलीला १० वॅट पुरतात, आणि १० वॅटच करायचे असतील तर क्लास ए परवडतो. म्हणून चार ट्रान्झिस्टर. लेखात ३, ८ आणि १५ ओहम स्पीकरसाठी वेगवेगळ्या किमतींचा तक्ता आहे: १७ व्होल्ट २ अँपिअर, २७ व्होल्ट १.२ अँपिअर, ३६ व्होल्ट ०.९ अँपिअर. म्हणजे भार बदलला की प्रवाह आणि व्होल्ट दोन्ही बदलायचे हे त्यांनी तेव्हाच सांगून ठेवलंय. पुढे डिसेंबर १९७०ला पुरवणी लेख लिहिला आणि १९९६ला दुहेरी सप्लायची नवी आवृत्तीही दिली. तेव्हा मूळ सर्किटला हात लावायला हरकत नाही, खुद्द जनकानेच लावलाय.

---

पाटा_वरवंटा

म्हणजे दुहेरी सप्लाय करायला हरकत नाही ना, मिस्त्रीकाका? आउटपुट कपॅसिटर काढला की बास सुधारतो म्हणतात.

---

जुना_मिस्त्री

म्हणणारे म्हणोत, आपण मोजू. तुमचा कपॅसिटर कितीचा? तक्त्यात २५००चा आहे, बाजारात २२००चा मिळतो, तोच असणार. ८ ओहमला तो ९ हर्ट्झला तीन डेसिबल खाली येतो. तुमचे स्पीकर ९ हर्ट्झला काय वाजवतात? फारच मनात असेल तर ४७०० लावा, ४ हर्ट्झवर जाल, खर्च शंभरेक रुपये.

आणि तो कपॅसिटर निव्वळ अडगळ नाही. तुमचा एखादा २एन३०५५ शॉर्ट झाला तर सगळा डीसी तो स्वतःच्या अंगावर घेतो, स्पीकरची व्हॉइस कॉइल वाचते. दुहेरी सप्लाय केलात की तो पहारेकरी गेला. मग ऑफसेट, म्हणजे आउटपुटवर उरणारा डीसी, सांभाळायचा, रिले घालायचा, रिलेला सर्किट, सर्किटला सप्लाय. आत्ता तुमचं घर गळतंय, आणि तुम्ही गच्चीवर खोली काढायला निघालाय.

२० वॅटबद्दल: ८ ओहमला २० वॅट म्हणजे शेंड्याला १८ व्होल्ट आणि सव्वादोन अँपिअर. सप्लाय ४० व्होल्टचा लागेल, प्रवाह १.७ धरा. एका चॅनेलला ६८ वॅट, दोन्हींना १३६. सगळं नुसतं जळणार, आणि ऐकायला मिळणार तीन डेसिबल जास्त. व्हॉल्यूमचा खटका जरा सरकवल्यासारखं.

एमजे१५००३ची गोष्ट वेगळी, ते चुकीचे नाहीत. चिप ते डबा हा उष्णतेचा रोध त्यांचा वॅटला ०.७ अंश, २एन३०५५चा दीड. वीस वॅटला आतली चिप पंधरा-सोळा अंशांनी थंड राहील. पण त्यांची बीटा (बेसचा प्रवाह किती पटीने वाढतो तो आकडा) वेगळी, तेव्हा बदललेत तर प्रवाह पुन्हा बांधावा लागेल. आणि कृपा करून खात्रीच्या दुकानातून घ्या.

---

लॅमिंग्टनचा_रस्ता

खात्रीच्या दुकानावरून. माझा एक २एन३०५५ चौथ्या दिवशी गेला. राग आला म्हणून व्हाइसमध्ये धरून हॅकसॉने टोपी कापली. आत चिप होती तिळाएवढी! त्याच बाजारातल्या जुन्या स्टॅबिलायझरमधून काढलेला मेलेला नग कापला तर आतली चिप हरभऱ्याच्या डाळीहून मोठी, पितळी बैठकीवर नीट बसवलेली. बाहेरून दोन्हींवर छपाई एकसारखी, उलट नकलीचीच जास्त सुबक. तेव्हापासून नवीन नग आला की आधी हीटसिंकवर लावून अर्धा तास दीड अँपिअरवर तापवतो आणि मगच सर्किटमध्ये घालतो. जो जायचा तो तिथेच जातो.

---

जुना_मिस्त्री

पद्धत उत्तम. आता पाटा_वरवंटा, कामाचं. दोन जादा कपॅसिटर जोडू नका. रिपल कमी होईल, पण भरण्याचे झटके आणखी अरुंद आणि उंच होतील, ट्रान्सफॉर्मर अजून तापेल. त्याऐवजी ट्रान्सफॉर्मर २४ व्होल्ट ५ अँपिअरचा घ्या आणि कपॅसिटरनंतर एक ‘कपॅसिटन्स मल्टिप्लायर’ बसवा. नाव मोठं, वस्तू छोटी, काम रिपल गाळायचं. एक २एन३०५५, त्याच्या बेसला बीडी१३९ जोडून डार्लिंग्टन, म्हणजे एकाने दुसऱ्याला चालवायची जोडी. कलेक्टर कच्च्या सप्लायला, एमिटर अ‍ॅम्प्लिफायरला. कच्च्या सप्लायपासून बीडी१३९च्या बेसपर्यंत ४७० ओहमचे दोन रोध एकामागे एक, प्रत्येकानंतर ४७० मायक्रोफॅरड जमिनीला (ग्राउंडला).

इथे लोक एक चूक करतात. बेसवरून जमिनीला १० किलोओहम लावत नाहीत. तो लावला की बेस कच्च्या सप्लायच्या सरासरीपेक्षा अडीच-तीन व्होल्ट खाली बसतो, रिपलचा पाया बेसला कधी टेकत नाही. नाही लावला तर सेकंदाला शंभर वेळा टेकतो आणि तुम्ही म्हणता मल्टिप्लायर चालत नाही. साडेचार व्होल्ट पडतील, अकरा वॅट उष्णता, त्या ट्रान्झिस्टरला स्वतंत्र हीटसिंक द्या. मायका वॉशर आणि पांढरी पेस्ट विसरू नका.

आणि हो, ‘धप्प’साठी वेगळं काही करू नका.

---

पाटा_वरवंटा

(अकरा दिवसांनी)

मंडळी, ट्रान्सफॉर्मर बदलला, मल्टिप्लायर बसवला. कच्चा सप्लाय साडेतीस, नंतर २६. धप्प गायब! आधी कळेना का, मग लक्षात आलं: सप्लायच आता सावकाश चढतो, त्यामुळे आउटपुट कपॅसिटरही हळूहळू भरतो. मिस्त्रीकाका, दंडवत.

हमिंग ८ मिलिव्होल्टवरून दीडवर आलं. पण जे उरलंय ते गोल नाही, माशीसारखं किरकिरं आहे. व्हॉल्यूम शून्य केला तरी तेवढंच.

---

सावळा_गोंधळ

प्लगची अर्थची पिन काढून टाका. माझ्या डेकला लगेच गेलं होतं.

---

जुना_मिस्त्री

नाही, अजिबात नाही. धातूचा डबा, आत २३० व्होल्ट, घरात आई विरजणाचं पातेलं टेकवतेय. इन्सुलेशन गेलं की तो डबाच फेज होतो. अर्थ डब्याला घट्ट राहिलाच पाहिजे. असले सल्ले इथे देऊ नयेत, लोक खरंच करतात.

पाटा_वरवंटा, किरकिर म्हणजे भरण्याचे झटके जमिनीच्या तारेत शिरलेत. तुमच्या इनपुट सॉकेटची जमीन कुठे जोडलीय? फोटो टाका.

---

पाटा_वरवंटा

ब्रिजच्या ऋण टोकाला. तिथे जागा होती म्हणून.

---

जुना_मिस्त्री

ब्रिजचं ऋण आणि कपॅसिटरचं ऋण यांच्यामधली ती बोटभर तार म्हणजे कुंभमेळ्याचा रस्ता. दहा-दहा अँपिअरचे झटके तिथून जातात. तारेचा रोध दोन-तीन मिलिओहम धरलात तरी वीस-तीस मिलिव्होल्ट झाले, आणि तुम्ही तुमचं इनपुट त्याच्या एका टोकाला बांधलंय. ब्रिजची तार कपॅसिटरच्या ऋण स्क्रूला येऊन संपू द्या. तिथून एक जाड तार काढून एका तांब्याच्या पट्टीवर नेऊन सोडा. इनपुट, फीडबॅक, स्पीकर, मल्टिप्लायर, सगळ्यांची जमीन त्या पट्टीवर, प्रत्येकाची वेगळी तार.

---

पाटा_वरवंटा

रात्री साडेअकराला केलं. आधी फक्त इनपुटची जमीन सुटी करून चिमट्यात धरली, डबा चालू, कान स्पीकरला. तारेचं टोक ब्रिजला लावलं, माशी आली. पट्टीला लावलं, माशी गेली. पुन्हा ब्रिज, पुन्हा माशी. पाच-सहा वेळा नुसता खेळत बसलो. मग बायको उठून आली.

सोल्डर केल्यावर ०.४ मिलिव्होल्ट. माझा मीटर याच्या खाली विश्वासाचा नाही.

राहिलं प्रवाहाचं. अजून दीडपर्यंत चढतो.

---

जुना_मिस्त्री

ते सर्किटच्या स्वभावात आहे. बेसला येणारा प्रवाह दोन रोधांनी ठरतो, १०० आणि ५६० ओहम. मूळ २७ व्होल्टला तो १९.४ मिलिअँपिअर. हाच प्रवाह खालच्या-वरच्या दोन्ही ट्रान्झिस्टरच्या बेसना वाटला जातो, म्हणून दोघांची बीटा सारखी धरली तर स्थिर प्रवाह म्हणजे हा आकडा गुणिले बीटाच्या निम्मे. तुमची थंड बीटा १२५ असणार: १९.४ गुणिले ६२.५, १.२ अँपिअर. तापल्यावर बीटा १५५च्या आसपास गेली, दीड अँपिअर झाले. प्रवाह वाढला की उष्णता वाढते, उष्णता वाढली की बीटा. तुमचं हीटसिंक मोठं आहे म्हणून दीडला येऊन थांबतं, छोट्यावर थांबलं नसतं.

हूडसाहेबांच्या १९७०च्या पुरवणीत प्रवाह काबूत ठेवायची सोय आहे, ती सवडीने करा. आत्ता सोपं करा: चूक ही की तुम्ही थंड असताना १.२ बांधलेत. तापल्यावर बांधायचे. ५६०च्या जागी ६८० आणि ३९ मालिकेत. सकाळी थंड असताना पाऊण ते एक अँपिअर असेल, चहा होईपर्यंत तापेल. रोध बदलल्यावर आउटपुटचा मधला बिंदू सप्लायच्या निम्म्यावर, म्हणजे १३ व्होल्टवर, प्रीसेटने (छोट्या फिरत्या रोधाने) पुन्हा आणा. हे विसरलात तर आवाजाची लाट एका बाजूने आधी कापली जाईल.

---

पाटा_वरवंटा

केलं. थंड ०.९५. दुपारी दोनला, पंखा बंद, एक तासानंतर: डावा १.१७, उजवा १.१९. मधला बिंदू १३.०५. हीटसिंक ६१. आता त्यावर हात ठेवून ‘एक ते पाच’ म्हणता येतं, आधी ‘दोन’लाच काढावा लागायचा.

दुहेरी सप्लायची फाइल डिलीट केली नाही, पण फोल्डरच्या आत फोल्डरमध्ये टाकलीय. एमजे१५००३ पावसाळ्यानंतर बघू.

---

तिसरी_घंटा

६१ अंशांना विरजण कसं लागणार? आईंचा विचार केलात का कुणी?

---

पाटा_वरवंटा

पातेलं हीटसिंकला टेकवत नाहीत हो, वीतभर लांब ठेवतात. तरी डिसेंबरमध्ये कळवतो.

---

तंबोरा

पंचमाचं काय झालं?

---

पाटा_वरवंटा

काल रात्री सगळे झोपल्यावर तोच ख्याल लावला. पहिली दहा मिनिटं अगदी स्वच्छ. मग मागून पुन्हा तोच उतरलेला पंचम, तीच चार डोलणी. उठून स्पीकरला कान लावला, तिथे काही नाही. अ‍ॅप काढलं, १०० हर्ट्झ. आवाजाच्या मागे मागे गेलो तर स्वयंपाकघरात पोचलो.

फ्रिज.